आयपीसमधला डाग

पोस्टातून निवृत्त झाल्या झाल्या ताईंनी दुर्बीण घेतली. निवड धाकट्या भावाची. त्याचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे भिंगांच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा. "ताई, खोक्यावर 'सहाशेपट' छापलंय त्याला भुलू नकोस. आरसा मोठा हवा आणि स्टँड डगमगता कामा नये," तो म्हणाला. सल्ला लाख मोलाचा होता, खोटं कशाला बोला!

पण शनीची कडी काही केल्या दिसेनात. मधोमध एक करडा, वेडावाकडा डाग, आणि कडेचं सगळं वाकलेलं. ताईंनी कुरकुर केली की भाऊ उपाय घेऊन हजर. आधी त्याने त्यांचे डोळे तपासले. एकेक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे बघायला लावलं, काय दिसतं ते विचारलं आणि म्हणाला, "डोळे ठीक आहेत." मग दुर्बीण थोडा वेळ बाहेर थंड होऊ दे. मग आज हवाच खराब आहे. मग डोळा लावायचं भिंगच बदल, हे दुसरं आयपीस लाव, लहान दिसेल पण स्वच्छ दिसेल. असे महिने गेले. "जमेल गं हळूहळू," यजमान म्हणायचे. बिचाऱ्या ताईंना वाटायचं, आपल्यालाच अक्कल नाही.

एका रविवारी सकाळी त्या गच्चीवर शोधक जुळवायला बसल्या. शोधक म्हणजे दुर्बिणीच्या पाठीवरची छोटी नळी. दोन्हींत एकच वस्तू मधोमध यायला हवी, आणि ते काम दिवसाउजेडीच बरं. त्यांनी दूरच्या पाण्याच्या टाकीवरची सळई धरली. मोठ्या दुर्बिणीत पुन्हा तोच मेला डाग!

"थांब, आज तुझा निकालच लावते," म्हणत त्यांनी आयपीस जागच्या जागी फिरवलं. डाग काचेवर असता तर काचेबरोबर फिरला असता. तो हलला नाही. त्यांनी मान तिरकी केली, तर डागही तिरका झाला.

ताईंनी नेहमीचा उजवा सोडून डावा डोळा लावला. सळई दुर्बिणीत दिसते तशी उलटी, पण सुईसारखी सरळ. डाग नाही. त्यांना भावाचा तो चौकटींचा कागद आठवला.

दुपारी भाऊ जेवायला आला. ताईंनी त्याला दारातच गाठलं. "माझा उजवा डोळा बिघडलाय, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

भावाने यजमानांकडे बघितलं. यजमानांनी मान खाली घातली. म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं.

"नवी दुर्बीण आली म्हणून तू इतकी खुशीत होतीस," भाऊ चाचरत म्हणाला. "भावजी म्हणाले, थोडे दिवस राहू दे."

"आणि तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते तर?"

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. त्यावर इंजेक्शनं असतात. तिथल्या तिथे थांबवता आलं असतं, बहुतेक."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. इथे एक पाठचा भाऊ, दुसरा जन्माचा जोडीदार, आणि दोघांनी मिळून एक डोळा हातचा घालवला होता, तोही प्रेमाने.

"पण डावा एकदम चांगला आहे हं, ताई," भाऊ घाईघाईने म्हणाला. "त्या दिवशी दोन्ही बघितले होते मी. शप्पथ."

जगात ताईंना आत्ता एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी भावाच्या तोंडाकडे नीट बघितलं. तो खरं बोलतोय की नाही, हे त्यांना काही केल्या कळेना.