पाण्यावरचा रस्ता

गोजराबाईनं सकाळीच नवऱ्याला सांगितलं, "होडकं बुडवा." गेणबा बायकोचं ऐकणारा माणूस. त्यानं निमूट धोंडे भरले आणि वाडीचं एकुलतं एक होडकं काठालाच कमरभर पाण्यात बसवलं. मग बाई धरणाला सात मैलांचा वळसा घालून पलीकडे निघाली, साहेबाला आणायला.

तिला होडी पाहिजे होती. दहा माणसं बसतील, एखादी बाई आडवी झोपेल, अशी धड होडी. ह्या होडक्यात दोघं मावायची, त्यातल्या एकानं सारखं पाणी उपसायचं. गेल्या साली सून सारजाला कळा लागल्या, तेव्हा झोळीत घालून त्याच वळशानं पौडाच्या दवाखान्याकडे निघाले. पोर वाटेत झालं आणि वाटेतच गेलं. आता सारजाला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना लागला होता, आणि धास्तीनं बाईला अन्न गोड लागत नव्हतं. ग्रामपंचायतीत बायांच्या राखीव जागेवर बसून तिनं दोनदा अर्ज केला, दोनदा तो परत आला. होडी हा रस्ता होत नाही, सबब रस्त्याच्या योजनेत बसत नाही, असं विकास अधिकारी साहेबांचं म्हणणं.

आज साहेबांसोबत पाहुणा होता. स्वीडन देशातला हुल्ट. ताडमाड उंच, तिकडच्या कुठल्याशा खेड्यांच्या पंचायतीचा अध्यक्ष, इकडचा कारभार बघायला आलेला.

"होडी कुठंय?" जीपमधून उतरताच साहेबांनी विचारलं.

"बुडाली की," बाई म्हणाली. उगाच खोटं कशाला बोला? "चला, लांब न्हाई. ह्यो काय, त्या टेपाडामागं."

टेपाडामागं दुसरं टेपाड निघालं, त्याच्यामागं तिसरं. साहेबांचे नवे बूट चावायला लागले. हुल्ट मजेत चालत इंग्रजीत आपल्या गावाकडचं सांगत होता आणि साहेब धापा टाकत त्याचं मराठी करत होते.

"ते म्हणतात, त्यांचा मुलूख आपल्या मुळशी तालुक्याहून मोठा, पण माणसं अवघी तीन हजार. नुसतं रान आणि तळी. मैलभर चालावं तेव्हा एक लाल घर. माणसं बोलतात कमी. शेजारी 'बरं' म्हणाला तरी त्यानं भाषण केलं असं धरतात. हिवाळ्यात तळं गोठलं की वरून मोटार जाते."

थापा हायेत, पर झ्याक हायेत, असं बाईला वाटलं. "आन उन्हाळ्यात कसं जात्यात?"

"सरकारी होडीनं, फुकट. ती होडी तिकडे रस्त्यातच धरतात," साहेब बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. पण बोललेलं परत गिळता येतंय होय?

वाडीत पोचेतो ऊन डोक्यावर आलं. हुल्ट पाय धुवायला काठाशी गेला आणि तिथंच खाली बघत उभा राहिला. गोजराबाईच्या काळजात धस्स झालं. तळ्याकाठी वाढलेला माणूस. बुडालेल्या होडीत धोंडे असे रांगेनं बसत नाहीत, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यानं बाईकडं बघितलं. मग बूट उचलले आणि साहेबांना पाणी दिसणार नाही असा ऐसपैस मध्येच बसला. बोलला काही नाही. ह्या कमी बोलणाऱ्या माणसांचं बाईला फार बरं वाटलं.

"जातानाबी त्योच वळसा हाय, सायब," ती म्हणाली. "पाव्हण्यांच्या देशात होडी रस्त्यात धरत्यात. मग आपल्यात काय वंगाळ हाय?"

साहेबांनी पायांचे फोड बघितले, पाहुण्याकडं बघितलं आणि पेन काढलं. अर्जावर शेरा मारला: 'वाडी ते धरणाची भिंत, रस्ता, लांबी दीड मैल, पाण्यावरून. होडी मंजूर.' खाली सही ठोकली.

बाईचा जीव भांड्यात पडला, आणि जीभ सैल सुटली. "पाव्हण्यास्नी इचारा की, त्यांच्या गावाला होडी मिळाली कशी?"

हुल्ट हसत बराच वेळ बोलला. पहिल्यांदाच इतकं.

"ते म्हणतात, त्यांच्या आजीनं प्रांताच्या मोठ्या साहेबाला तळ्याभोवती चालवत नेलं. त्याआधी गावातली होडी तिनं..." साहेब थांबले. मान वाकडी करून त्यांनी हुल्टच्या पलीकडच्या पाण्यात बघितलं. तेवढ्यात सारजा भाकरीची टोपली घेऊन आली आणि अवघडून, एक हात कमरेवर ठेवून, त्यांच्यापुढं वाकली. साहेब तिच्याकडं बघत राहिले.

"म्होरं काय म्हणत्यात?" गोजराबाईनं विचारलं.

"पुढचं इंग्रजी जरा अवघड आहे," साहेब म्हणाले, आणि अर्जाची घडी घालून त्यांनी तो तिच्या हातात दिला.