मिरचीच्या गोदामातली पसंती

कळमन्याजवळच्या मिरचीच्या गोदामात पोती उचलायचं यंत्र पसंत करायचं होतं, आणि सिंधूताईंचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. पोती रचणाऱ्या बायांच्या त्या मुकादम. मोठी गाडी आली की तिच्यासोबत बाहेरचा ड्रायव्हर येणार आणि आपलं काम जाणार, हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

विक्रेत्या रोशनने डिझेलची पिवळीधमक फोर्कलिफ्ट थेट आत घातली. "मॅडम, छताले टेकवते माल!" तो मालकीण मेघाला म्हणाला. गाडी घुरघुरली, तिच्या इंजिनाच्या पंख्याने जमिनीवरची सगळी तिखट भुकटी उडवली, आणि मालकीण, बाया, रोशन, सारे शिंकत, डोळे चोळत अंगणात पळाले.

"काहून गा, फोडणी देऊन राहिला काय आम्हाले?" सिंधूताई खोकत ओरडल्या.

मेघा हसता हसता पुन्हा शिंकली. "दुसरं काय आणलं?"

टेम्पोत पोती वर चढवणारा, बॅटरीवरचा छोटा स्टॅकर होता. त्याला धूर नव्हता, फक्त हँडल धरून त्याच्यामागे चालायचं. रोशनचा माणूस पुढे झाला, तसं मेघाने त्याला थांबवलं. "ताई, तुम्ही धरा."

सिंधूताईंनी पदर खोचला. स्टॅकर आधी बकरीसारखा अडला, मग निमूट गोदामात चालला. पोत्यांची थप्पी वरच्या फळीवर गेली, जराशी तिरपी.

"हाच ठेवू," मेघा म्हणाली. "चालवणार ताईच."

"आता मले दे वं!" बायांनी गलका केला.

सिंधूताईंनी हँडल सोडलं नाही. "सबुरी ठेवा वं. माह्यं मन भरू द्या आधी."