पाटावरची हिरॉईन

सानपाड्याच्या एका सोसायटीत भर दुपारी भूत बोलवायला दहा-बारा रिकामटेकडे जमले होते, आणि सगळेच एसी वाढवा म्हणून कोकलत होते.

सोनमने बापाचं जुनं सिनेमाचं मशीन टेबलावर आपटलं. बाप होता तोवर तुर्भ्याच्या वस्तीत पडदा बांधून पिक्चर दाखवायचा. आज मशीन इथं आणलं ते थोरल्या बहिणीसाठी, सुनयनाताईसाठी. ताई त्या पिक्चर काढायला निघालेल्या इंद्रजितच्या नादाला लागलेली. त्याला भंगारात एका जुन्या पिक्चरचं रीळ सापडलं होतं. म्हणे त्याच्या शूटिंगला खरा मांत्रिक होता. त्याने हिरॉईनला गायब केलं, ती परत दिसलीच नाही.

"सुनयना हुबेहूब तिच्यासारखी दिसते," इंद्रजित डोळे मिटून बोलला. "ती हिच्या अंगात येणार. मग माझ्या पिक्चरची हिरॉईन हीच."

"सर, डोळे उघडा आधी. पडदा वाकडा बांधलाय तुमी."

"सोने, गप ना गं!" ताई पडद्यासमोर पाटावर जाऊन बसली. नवी साडी, केसात गजरा. येडी कुठली.

मशीन घरघरलं. पडद्यावर मांत्रिकाने हिरॉईनभोवती पिठाचं रिंगण घातलं. काय ती दाढी! गॅदरिंगमधला कापूस परवडला. सोनम फिस्सकन हसली, आणि हसताहसता गार पडली.

उजेड ताईच्या अंगावर पडत होता, पण पडद्यावर तिची सावली नव्हती. रिंगणातली हिरॉईन पुसट होत चाललेली, तिच्याबरोबर पाटावरची ताईपण. गजऱ्यातून आरपार पडदा दिसत होता.

"हात लावू नका! होतंय!" इंद्रजित नाचायला लागला. बाकीच्यांनी मोबाईल काढले. माणूस विरघळतंय नि ह्यांना व्हिडिओ पायजे.

बापाचा एक नेम होता. पिक्चर संपला की रीळ उलटं गुंडाळल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. "गेलेल्यांना घरी आणून सोडायचं असतं," म्हणायचा. सोनम तेव्हा त्यालाही हसायची.

तिने खटका उलटा मारला.

पीठ मांत्रिकाच्या मुठीत परत शिरायला लागलं. हिरॉईन गडद झाली. पडद्यावर ताईची सावली उमटली, तशी सोनमने तिला दंडाला धरून पाटावरून ओढली.

"नालायक! सगळं नासवलंस!" इंद्रजितने खटका पुन्हा सरळ केला आणि धावत जाऊन स्वतःच पाटावर बसला. "मला घे! मला!"

त्याला घेतलं. आधी सावली गेली, मग चष्मा, मग तोंड. तेवढ्यात रीळ तटकन तुटलं. पाट रिकामा. मोबाईलवाले चपला टाकून पळाले.

घरी ताई रडत होती. "सोने, रीळ चिकटपट्टीने जोडून उलटं फिरवलं तर येतील ना गं सर?"

"येतील की."

"मग जोड ना!"

सोनमने तुटकं रीळ कोनाड्यात ठेवलं, हात धुतले, आणि बापाचा नेम मोडून आधी जेवायला बसली.