आजीचा निरोप

आमच्या घरी आजी जाऊन पाच वर्षं झाली, पण फोन अजून तीच घेते. "आम्ही घरी नाही, निरोप ठेवा," असं ती म्हणते, मग टूं वाजतं. तिचं ते जुनं निरोपाचं यंत्र आजोबा कुणाला हात लावू देत नाहीत. मी मात्र शाळेतून मधल्या सुट्टीत हमखास फोन करते. अंगावर काटा येतो, तरी करते!

यंदा शाळेच्या वादविवादात मी अख्ख्या ओहायोत तिसरी आले, त्यामुळे आजोबांच्या वकीलबाईंशी, म्हणजे मिसेस प्रिचर्डशी, बोलायचं काम मी स्वतःच घेतलं. भानगड अशी, की मर्ल टकर या विमा एजंटनं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वेंडेल आजोबांच्या गळ्यात पैसे दहा वर्षं अडकवून ठेवणारी ॲन्युइटी नावाची गुंतवणूक मारली होती. चर्चच्या गायनात आजीशेजारी उभा राहणारा माणूस! त्याचे कागद कोण वाचणार? चर्चच्या जेवणातच, बटाट्याचं ताट बाजूला सारून आजी-आजोबा दोघांनी सह्या केल्या. शेअर बाजार पडला तशी तिसरा हिस्सा रक्कम उडाली. छप्पर बदलायला आजोबा उरलेले पैसे काढायला गेले, तर वर दंड.

"लवादाकडे दावा लावता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "पण सहीपासून सहा वर्षांच्या आत. तुमच्याकडे महिना उरलाय. आणि 'सगळं समजलं' यावर सही आहे तुमची. मर्ल तोंडी काय बोलला, याचा पुरावा हवा."

माझ्या डोक्यात दिवाच लागला. "आजोबा, यंत्र! आजी फोन उशिरा उचलायची. उचलला तरी टेप चालूच राहायची."

"नको, टेसी."

"छप्पर गळतंय, आजोबा. पातेली संपली आता."

त्यांनी यंत्रावरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "बटण तूच दाब."

रविवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. टेप खरखरली. मर्ल निरोप सांगत होता, मध्येच आजीनं फोन उचलला.

"मर्ल, एकच विचारते. वेंडेलला मी अजून सांगितलं नाहीये, पण डॉक्टर म्हणतात जेमतेम वर्ष काढेन. माझ्यामागं त्याला पैसे लागले तर काढता येतील ना?"

"कधीही, ल्यूएला. एका सेंटचा दंड नाही."

आजोबा खिडकीकडे बघत राहिले. त्यांना वाटायचं, ती अचानक गेली.

"हे परक्या माणसांपुढं वाजवायचं?" ते म्हणाले.

मी टेप थांबवली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

त्यांनी स्वतःच यंत्र काखेत मारलं आणि वकीलबाईंकडे नेलं. दावा मुदतीत लागला. लवादाच्या तिघांपुढं टेप वाजली, तेव्हा मर्ल बुटांकडे बघत होता. गेलेली रक्कम बहुतेक सगळी परत आली, दंड रद्द झाला. छप्पर झालं. यंत्रही घरी आलं.

काल शाळेतून फोन केला. "आम्ही घरी नाही," आजी म्हणाली. टूं वाजलं. मग कुणीतरी फोन उचलला.

"मला सांगायचं होतंस गं," आजोबांचा आवाज आला. "वर्षभर एकटीनं कसं काढलंस?"

टेप चालू होती. मी श्वास रोखला आणि हळूच फोन ठेवला.