डाव्या हाताचा ठोका

परीक्षण वाचून होईपर्यंत ठोक्याचा चहा गार झाला आणि डोकं तापलं.

"मशीन म्हणतोय! हा चष्मेवाला मला मशीन म्हणतोय!" त्यानं फोन टेबलावर असा आपटला, की आतल्या खोलीतून बायको धावत आली.

ठोक्या म्हणजे ताईच्या बँडमधला ड्रमवाला आणि तिचा पाठचा भाऊ. त्याचं खरं नाव आता बँकेपुरतंच उरलं होतं. ताई गिटार घेऊन पुढे गायची, ठोक्या मागे बसून बडवायचा, आणि असं पस्तीस वर्षं चाललं होतं. कुठल्याही बड्या कंपनीच्या दारात ती दोघं कधी गेली नाहीत. स्वतः गाणी करायची, स्वतः अल्बम काढायचा, स्वतः पोस्टर चिकटवायची आणि मग परीक्षणं येईपर्यंत नखं कुरतडत बसायचं. नवा अल्बम नऊ वर्षांनी आला होता. आज संध्याकाळी त्याचा पहिला कार्यक्रम होता, आणि नेमकं आजच पेपरातल्या त्या चष्मेवाल्या समीक्षकाचं परीक्षण आलं होतं.

बाकीच्यांनी तर डोक्यावर घेतलं होतं. एकानं लिहिलं, 'ताईचा बँड पुन्हा तरुण झाला'. दुसऱ्यानं लिहिलं, 'या वयातही ठोक्याचा हात घड्याळासारखा चालतो'. हे दुसरं वाक्य ठोक्यानं सगळ्या नातेवाइकांना पाठवलं होतं. ज्या डॉक्टरनं त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन केलं, त्यालासुद्धा पाठवलं. का नाही पाठवणार? गेल्या वर्षी त्याला डाव्या हातानं केस विंचरता येत नव्हते. रबराचा पट्टा ओढून ओढून, उशीवर काठ्या मारून मारून त्यानं हात परत मिळवला होता आणि अल्बममधली सगळी गाणी स्वतः वाजवली होती. स्वतः!

आणि हा उंटावरचा शहाणा लिहितो काय? 'ताईचा आवाज पिकलाय, शब्दांना धार आहे. पण ड्रम्सचं काय? इथे डाव्या हाताचा प्रत्येक ठोका अगदी जागेवर पडतो. म्हणजेच तो ठोक्याचा नाही. भावाला बाजूला सारून मशीन लावायचं होतं, तर तसं कव्हरवर छापण्याचा प्रामाणिकपणा तरी दाखवायचा.'

"जाऊ दे ना," बायको म्हणाली. "त्याला कोण विचारतंय?"

"सगळे विचारतात! संध्याकाळी येणारा प्रत्येक जण हे वाचून येणार आणि माझ्या हातांकडे बघत बसणार. हा खरंच वाजवतोय की नुसता शोभेला बसवलाय? मी नाही बसणार त्या स्टुलावर. आधी त्यानं माफी मागायची, मगच मी काठ्या हातात धरणार."

"संध्याकाळच्या आत?"

"संध्याकाळच्या आत! स्टुडिओत माझं नुसत्या ड्रम्सचं रेकॉर्डिंग पडलंय. ते उचलतो आणि त्याच्या कानात ओततो."

बायकोनं पुढे काही म्हणायच्या आत तो चपला घालून जिन्यात होता.

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याखालचं तळघर. भिंतींना जाड फोम, जमिनीवर वायरींचा गुंता आणि मधोमध स्टुडिओवाला, खुर्चीत मांडी घालून डबा खात बसलेला. ठोक्याला बघून त्याचा घास तोंडातच राहिला.

"वाचलंस?" ठोक्यानं विचारलं.

"वाचलं. तुम्ही मनावर घेऊ नका हो. लिहिणाऱ्यांना काय, काहीतरी लिहायचंच असतं."

"मी मनावर घेतलंय. माझं मूळ रेकॉर्डिंग दे. फक्त ड्रम्स."

"आत्ता? ते कुठल्या डिस्कवर गेलंय ते बघावं लागेल. उद्या देतो ना."

"तुझ्याकडची प्रत्येक डिस्क तुला अंधारात सापडते. लाव."

स्टुडिओवाल्यानं डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, हात पुसले, पुन्हा धुतले. मग निरुपाय होऊन लावलं. खोलीत आधी क्लिक वाजू लागली. तालाचं भान राहावं म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी कानात वाजवतात ती बारीक टिकटिक. आणि तिच्यावर ठोक्याचे ड्रम्स. उजवा पाय, उजवा हात आणि मग डाव्या हाताचा ठोका. तो टिकटिकीनंतर पडत होता. फार नाही, एखाद्या माणसानं उत्तर देण्याआधी श्वास घ्यावा इतकाच उशिरा.

"हा बघ!" ठोक्या खूश झाला. "हा माझा हात! याला मशीन म्हणतो गाढव. आता अल्बममधलं लाव, दोन्ही शेजारी शेजारी ऐकवतो त्याला."

स्टुडिओवाला हलला नाही.

"अरे लाव ना! बहिरा झालास का?"

त्यानं लावलं. तेच ड्रम्स, तोच कातड्याचा आवाज, ठोक्याच्या स्टुलाची कुरकुरसुद्धा तीच. पण डावा ठोका बरोब्बर टिकटिकीवर पडत होता. एकदा, दोनदा, दर वेळी. पडद्यावर तर उघड दिसत होतं. प्रत्येक ठोका कापून, उचलून, थोडा पुढे सरकवून रेषेवर बसवला होता. हात त्याचाच होता आणि त्याचा राहिला नव्हता.

ठोक्याचे कान गरम झाले. घड्याळासारखा हात! आणि ते वाक्य आपण गावभर मिरवलं! डॉक्टरला पाठवलं! त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं आणि समोरची सगळी यंत्रं फोडावीशी वाटली, दोन्ही एकदमच.

"कोणी सांगितलं?"

स्टुडिओवाला वायरींकडे बघत राहिला.

"कोणी सांगितलं, ते विचारतोय मी."

"ताईंनी," तो म्हणाला. "म्हणाल्या, खांद्यामुळे तो मागे पडतोय. सगळं नीट कर, पण त्याला कळू देऊ नकोस. मी नको म्हणत होतो, शपथेवर सांगतो. पण ताईंपुढे कोणाचं चालतं?"

कार्यक्रमाचा हॉल तिथून दहा मिनिटांवर होता. ठोक्या तिथे पोचला तेव्हा ताई रिकाम्या खुर्च्यांसमोर माइक तपासत होती. साठी ओलांडलेली बाई, पण गिटार गळ्यात पडली की अजून तिच्यापुढे उभं राहायची कोणाची छाती होत नसे. आज ठोक्याची झाली.

"माझे ठोके सरकवलेस तू!"

ताईनं माइक बंद केला. सारवासारव करणं तिच्या स्वभावात नव्हतं. "हो, सरकवले."

"कोणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू काठ्या मोडून घरी बसला असतास. अरे, वर्षभर मरमर करून तू हात उभा केलास, मी बघत होते ना! त्यानंतर ऐकते तर प्रत्येक ठोका मागे. पेपरवाल्यांनी लिहिलं असतं, ठोक्या संपला. तू ते वाचलं असतंस. मला ते नको होतं."

"ठोक्या संपला असं तूच ठरवलंस! त्यांनी नाही, तू!"

"खांदा दुखतोय तुझा, त्यात लाजायचं काय आहे? मागे पडतोस तर पडतोस—"

"अगं मी पस्तीस वर्षं मागेच पडतोय!" ठोक्याचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. "पहिल्या अल्बमपासून! खांदा धडधाकट होता तेव्हापासून! माझा डावा हात असाच आहे!"

"काहीतरीच काय बोलतोस? मला कळलं नसतं?"

"जुनं काहीही लाव आणि ऐक."

ताईनं फोन काढला. बहुधा त्याला खोटं पाडायलाच काढला. पहिल्या अल्बममधलं गाणं लावलं आणि बोटानं गिटारच्या अंगावर टिकटिक धरली. पहिल्या ओळीला तिचं बोट चुकलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा चुकलं. ठोका मागे होता आणि तिचा तरुण आवाजही त्याच्याबरोबर मागे होता, त्याला धरून, एका श्वासात. तिचं बोट थांबलं.

पूर्वी ती दोघं एका खोलीत, एकाच वेळी वाजवायची. क्लिक कसली नि काय कसली! या वेळी मात्र ठोक्या बिछान्यात होता म्हणून ताईनं गाणं आणि गिटार आधी एकटीनं, कानात क्लिक घालून करून ठेवलं. त्यानं ड्रम्स मागाहून भरले. आयुष्यात पहिल्यांदा ती घड्याळाबरोबर गायली, आणि भाऊ तिला आजारी वाटला.

"म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्यामागे..." ती खाली बसली. "तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू होतीस की माझ्याबरोबर!"

मग ताईनं डोळे पुसले आणि पुन्हा फोन हातात घेतला. "चष्मेवाल्याला लावते. सांगते, ड्रम्स तुझेच होते, ठोके मी सरकवले. छापू दे उद्या."

"त्याला कशाला सांगतेस?" ठोक्या म्हणाला. "त्याला कळलंय. त्या माणसाला मी जन्मभर शिव्या घातल्या. आणि तो हात माझा नाही हे त्याला एका दमात ऐकू आलं. तुला नाही आलं. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही आलं."

ताईनं फोन खाली ठेवला.

"संध्याकाळी बसणार आहेस का?" तिनं शेवटी विचारलं. असं बिचकत विचारताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

ठोक्या स्टेजवर चढला, स्टूल पुढे ओढलं, काठ्या उचलल्या आणि पहिलं गाणं सुरू केलं. ताई घाईनं उठून गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला पुढे पळाली. वर्षभर कानात बसलेली टिकटिक तिला ओढत होती. ठोक्या थांबला. पुन्हा सुरू केलं. ती पुन्हा पुढे गेली.

"जरा तू ये की पुढे!" ती कळवळून म्हणाली.

"मी नाही येणार."

ताईनं माइकचा स्टँड उचलून ड्रम्ससमोर आणला, रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ केली आणि त्याच्या डाव्या हातावर नजर रोवून उभी राहिली.

"वाजव," ती म्हणाली.

ठोक्याचा राग तसूभरही उतरला नव्हता. त्यानं हात उचलला.