परत पाठवलेली पर्स

पर्स परत पाठवायची हे नवरा-बायकोनं एकमतानं ठरवलं. एरवी त्या घरात पंखा कितीवर ठेवायचा यावरूनही दोन पक्ष पडायचे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात, ग्रीसमध्ये हात घालण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण बायकोच्या हातात एकदा तरी नावाजलेल्या कंपनीची वस्तू बघायची, असं त्याच्या मनानं घेतलं. जादा पाळ्या करून त्यानं पैसे साठवले आणि लग्नाच्या वाढदिवसाला पर्स मागवली. त्याला वेबसाइट वगैरेतलं काही कळत नसे, म्हणून मेव्हण्याला शेजारी बसवलं. मेव्हण्यानं पटापट बटणं दाबली. "ताईच्या नावाचं खातं तयारच आहे, मागेच उघडून ठेवलंय," असं तो जाता जाता म्हणाला. नवऱ्यानं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पर्स आली. रेशमी पिशवीत पेटी, पेटीत पुन्हा पिशवी आणि त्या पिशवीत ती. कातडं असं मऊ की बोट लावायचीही धास्ती वाटावी. पण जेवणाचा डबा काही त्यात बसेना, छत्री तर दूरच. बायको म्हणाली, "अहो, हिला सांभाळायला मला एक माणूस ठेवावा लागेल." तो हसला, मग ती हसली, आणि पर्स परत करून न्हाणीघराची ओल काढून घ्यायची असं ठरलं. तिनं स्वतःच्या हातानं ती पुन्हा पेटीत घातली, पोस्टात नेऊन दिली आणि पावती जपून ठेवली.

बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानाच्या मागच्या अंगाला एक काळोखी खोली होती, तिथं उजेडाच्या पाटीवर अक्षरांच्या ओळी. गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिच्या भावाला, म्हणजे त्याच मेव्हण्याला, पोपट म्हणत, कारण तो कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. घरमालकाचा खोकला, बस कंडक्टरची घाई, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाकात बोलणं, सगळं त्याच्या जिभेवर. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून ताईनंच त्याला वाढवलेला. लग्न करून ती सासरी गेली तेव्हा पोपटही तिच्या पाठोपाठ त्या घरात आला आणि तिथलाच झाला. काम काय करतो असं विचारलं की त्याचं उत्तर दर महिन्याला बदलायचं, पण कपडे मात्र झकपक असायचे.

पर्सचे पैसे येईनात. तिनं फोन लावला. आधी बराच वेळ संगीत, मग एक मुलगी म्हणाली, तपासणी चालू आहे. पुढच्या खेपेला दुसरी मुलगी म्हणाली, वस्तू मिळाली, पण खातं थांबवलंय. का थांबवलंय ते सांगायचा तिला अधिकार नव्हता. नवरा रोज रात्री जेवताना विचारायचा आणि रोज चष्मेवाली मान हलवायची. पोपट तिची समजूत घालायचा. मोठ्या कंपन्यांचं असंच असतं, सारखे फोन करू नकोस, त्यांना राग येतो, मी बघतो काय ते. तिला बरं वाटायचं. घरात कुणीतरी जाणतं आहे, असं वाटायचं.

तरी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन केलाच. या वेळची मुलगी गोड बोलत होती. नाव, पत्ता विचारून झाल्यावर ती आपुलकीनं म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईची तब्येत कशी आहे आता? मागच्या वेळी तुम्ही फार रडत होतात."

चष्मेवालीनं हातातला घास डब्यात ठेवला. आईला जाऊन किती वर्षं झाली होती. ती म्हणाली, "बरी आहे." का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा तिचे हात गार पडले होते आणि समोरचा डबा तसाच उघडा होता.

तिच्या नावानं कुणीतरी फोन करत होतं. बाई होती, आणि आईच्या आजारपणाचंही त्या बाईला ठाऊक होतं. घरी जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडेही तिला बघवेना. घरी गेल्यावर तिनं आधी नवऱ्याकडे संशयानं पाहिलं. दुसरी कुणी असेल का? तो गंजीफ्रॉकवर बसून पायाला मलम चोळत होता. त्याच्या त्या भेगाळलेल्या टाचा बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण भीती काही गेली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की ती दचकायची. आंघोळीला जातानाही फोन बरोबर न्यायला लागली.

मग तो माणूस आला.

दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. करड्या सदऱ्यातला, नीट भांग पाडलेला गृहस्थ. जवळचं वाचायला त्रास होतो, म्हणाला. तिनं त्याला काळोख्या खोलीत खुर्चीवर बसवलं, दार लोटलं, पाटी लावली. त्यानं अगदी खालची ओळसुद्धा न अडखळता वाचली.

"तुमचे डोळे तर उत्तम आहेत," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मी डोळ्यांसाठी आलो नाही, मॅडम. तुम्ही पर्स परत पाठवलीत ना, त्या कंपनीकडून आलोय."

तिनं दाराकडे पाहिलं. दार दोन पावलांवर होतं, पण मध्ये त्याची खुर्ची होती. तो मात्र आवाज न चढवता बोलत राहिला. तिच्या नावाच्या खात्यावरून वर्षभर महागाच्या वस्तू मागवल्या जात होत्या. घड्याळं, बूट, रेशमी रुमाल. पैसे दुसऱ्याच कार्डांवरून भरलेले, वस्तू कुरियरच्या कचेरीतून हातोहात नेलेल्या. मग परत यायच्या त्या नकली. पेटी अस्सल, आतला माल बनावट. कुणाच्या लक्षात येईपर्यंत परतीचे पैसे निघून गेलेले असायचे, आणि कुठे अडलेच तर मॅडम स्वतः फोन करायच्या.

"मी नाही केले फोन," ती म्हणाली.

त्यानं खिशातून फोन काढला आणि एक ध्वनिमुद्रण लावलं.

काळोखात तिचाच आवाज घुमला. तीच जरा बसकी पट्टी, तेच मध्येच श्वास घेणं. "काय सांगू तुम्हाला, आई अगदी शेवटच्या घटका मोजतेय हो. दवाखान्यात पैसे भरायचेत. माझे पैसे अडकवू नका." आणि मग हुंदका. आईच्या खाटेजवळ ती खरोखर जसा दाबायची, तसा.

 क्षणभर तिला वाटलं, हा फोन आपणच केलाय आणि विसरलोय. आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. तिनं अक्षरांच्या पाटीची कड घट्ट धरली. मग तो हुंदका पुन्हा मनात वाजला आणि तिला कळलं. त्या खोलीत तेव्हा ती होती, आई होती, आणि दाराशी उभा राहून ऐकणारा एक शाळकरी पोर होता.

"खातं तुमचं, पत्ता तुमचा, आवाज तुमचा," माणूस म्हणाला. "पोलिसांत जायच्या आधी एकदा भेटावं म्हटलं. काही सांगायचं असेल तर या नंबरावर सांगा. फार थांबू नका." त्यानं नंबराचं कार्ड ठेवलं, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि निघून गेला.

संध्याकाळी जेवताना पोपट रंगात होता. घरमालकाला लिफ्टमध्ये उचकी लागल्याची नक्कल करत होता. नवरा हसता हसता डोळे पुसत होता. ती पानात बघत राहिली. त्या मुलाला तिनं कडेवर घेतलं होतं, त्याचा ताप उतरेपर्यंत जागली होती, आणि आज त्याच्या शेजारी बसायची तिला भीती वाटत होती. 

सकाळी नवरा कामावर गेल्यावर ती पोपटाच्या खोलीत गेली. तो शर्टाला इस्त्री करत होता. तिनं फिरवून फिरवून विचारलं नाही, सरळ विचारलं. आधी त्यानं थट्टेवारी नेलं. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि समजावणीच्या सुरात बोलू लागला. कंपनीला काय फरक पडतो, तो म्हणाला. कातड्याच्या एका तुकड्याला ती आपला वर्षाचा घामाचा पैसा मागते, त्यातला थोडा आपण काढून घेतला तर कुणाचं रक्त निघत नाही. पर्सचेच पैसे अडकले याचं वाईट वाटतं, ते खातं वापरायला नको होतं. तेवढी एक चूक झाली.

"मी त्या माणसाला सांगणार आहे," ती म्हणाली.

पोपटानं तिच्याकडे बघितलं. आणि तोंड उघडलं तेव्हा त्यातून तिचाच आवाज आला. "कोण विश्वास ठेवेल गं? मीच तर फोन केले होते."

तो हसत नव्हता. तेच सगळ्यात वाईट होतं. ती मागच्या मागे बाहेर आली, चप्पल पायात सरकवली आणि थेट नवरा काम करत होता त्या इमारतीकडे निघाली. तो तळघरात, उघड्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. खड्ड्याच्या काठावर बसूनच तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल, पोपटाचे हातपाय मोडीन म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं चिंधीला हात पुसले, पुन्हा पुसले आणि म्हणाला, "खातं तयारच आहे, असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. माझंच लक्ष कुठं होतं?"

दोघं घरी आले तेव्हा खोली रिकामी होती. इस्त्री अजून कोमट होती. नवरा म्हणाला, आधी नातेवाइकांना सावध करू. पैसे लागले की हा तुझ्याच आवाजात मागेल.

तिनं सगळ्यात आधी मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, एकटी राहणारी, भोळी. चष्मेवालीनं एका दमात सांगितलं, की माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस, ती मी नसेन.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग मावशी कापऱ्या आवाजात म्हणाली, "मघाशीच माझ्या भाचीचा फोन आला होता. ती म्हणाली, असा एक फोन येईल, माझ्यासारखंच बोलेल, आणि तो खोटा असेल. कोण आहेस तू?" आणि तिनं फोन ठेवून दिला.

चष्मेवाली फोन हातात घेऊन खाली बसली. स्वतःच्याच मावशीला आपण कोण ते पटवता येईना, यापुढे माणसानं करायचं काय? नवऱ्यानं तिला उठवलं. फोननं जे होत नाही ते पायांनी करायचं, म्हणाला, आणि दोघं मिळेल त्या बसनं मावशीकडे निघाले. वाटेत तिनं कार्डावरच्या नंबरावर त्या माणसाला फोन केला आणि भावाचं नाव सांगितलं. ते शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला आई आठवली, पण तिनं फोन बंद केला नाही.

मावशीनं दार साखळी न काढताच उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. चष्मेवाली बोललीच नाही, बोलायची हिंमतच नव्हती. तिनं नुसता चेहरा फटीसमोर धरला. मावशीनं फटीतून हात काढून तिचा गाल चाचपला, आणि मग साखळी पडली.

मावशीनं पैशांचं पाकीट तयार ठेवलं होतं. भाचीनं फोनवर सांगितलं होतं, पोपटाला पाठवते, त्याच्याकडे दे. तो येणार होता. मग तिघंही स्वयंपाकघरात बसून राहिले. मावशीनं चहा केला, तो कुणी प्यायलं नाही. नळ ठिबकत होता. जिन्यात कुणी चढलं की तिघांचे श्वास अडायचे. पाऊल वर निघून जायचं, आणि ती पुन्हा कान टवकारून बसायची. तो आत आला आणि त्याच्या हातात काही असलं तर? त्याचा काय भरवसा, हा विचार तिला याआधी कधी शिवलाही नव्हता.

घंटी वाजली. चष्मेवालीनंच दार उघडलं.

पोपट पायातला बूट काढायला वाकला होता. त्यानं वर बघितलं. ती दिसली, तिच्या मागे तिचा नवरा, त्याचे भावोजी, दिसले. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक कितीतरी भाव गेले, जणू कुठला वापरावा ते ठरत नव्हतं.

"बूट काढू नकोस," ती म्हणाली. "आपल्याला जायचंय."

तो पळेल असं वाटत होतं. पळाला नाही. जिन्याच्या पायरीवर बसला आणि बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागला. गाठ काही बसेना. शेवटी भावोजींनी खाली वाकून ती बांधली.

त्यानं कंपनीच्या कचेरीत सगळं कबूल केलं, नंतर पोलिसांसमोरही. खटला उभा राहिला आणि अजून चालू आहे. चष्मेवालीचं नाव त्यातून वगळलं गेलं आणि काही दिवसांनी पर्सचे पैसे खात्यात आले, सोबत कंपनीचा दिलगिरीचा निरोप. न्हाणीघराची ओल तशीच राहिली. ते पैसे पोपटाच्या वकिलाला गेले, आणि हेही नवरा-बायकोनं एकमतानंच ठरवलं, जरी या वेळी कुणी हसलं नाही.

तारखेच्या दिवशी ती कोर्टात जाते. पोपट हळू आवाजात तिची, भावोजींची, मावशीची चौकशी करतो. ती उत्तरं देते. पण तो बोलत असतो तोवर तिची नजर त्याच्या ओठांवरून हलत नाही, आणि घरी पोचेपर्यंत तिचे हात गारच असतात.