दार असलेली खोली

लाँड्रीत गाठोडं सुटलं की घराचं बिंग फुटतं. दातांच्या डॉक्टरीणबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यापासून त्यांच्या गाठोड्यात फक्त त्यांचे आणि मुलाचे कपडे यायचे. या महिन्यात अचानक रुंद खांद्यांचे पुरुषी शर्ट आले, आणि इस्त्रीवाली काय समजायचं ते समजली.

तिचंही घोडं तिथेच अडलं होतं. नवऱ्याला सोडून चार वर्षं झालेली, पदरात सहा वर्षांची चिंगी, आणि समोरच्या फ्रिजदुरुस्तीवाल्याने लग्नाचं विचारलेलं. रविवारी उत्तर द्यायचं होतं. शेवटी धीर करून तिने बाईंनाच विचारलं, "मॅडम, तुम्ही कसं ठरवलंत?"

"ठरवलंय कुठे? शनिवार-रविवार येतो, जातो. बघू पुढे. तू एवढंच बघ, तो तुला आवडतो का?"

एवढंच! बाईंचं बरं होतं. माणूस टिकला तर टिकला, गेला तर गेला. मुलाची खोली त्याची त्यालाच. इथे एका खोलीत मायलेकी, त्यात पाहुणा शनिवारी आला तर रविवारी गल्लीभर बोभाटा. 'बघू पुढे' म्हणायची तिला सोयच नव्हती.

तरी प्रश्न मानगुटीवर बसला तो बसलाच. फ्रिजवाल्याचा विचार केला की आधी त्याच्या दोन खोल्या आठवायच्या, मग आतल्या खोलीचं दार, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. याला आवडणं म्हणायचं का? या नादात एका रुंद शर्टाची कॉलर करपली.

रविवारी ती चिंगीला घेऊन त्याच्या घरी गेली. चिंगी तडक आतल्या खोलीत शिरली आणि धाडकन दार लावून घेतलं.

"कुणी यायचं नाही! आधी टकटक करायची!"

तो खळखळून हसला. तिला मात्र रडू आलं. असल्या भल्या माणसाला फसवायचं नाही, असं वाटून ती बोलून गेली, "खरं सांगू? मला तुम्ही हवे आहात की ही खोली, माझं मलाच कळत नाही."

तो रागावला नाही. बंद दाराकडे बघत राहिला. पोर होत नाही म्हणून त्याची पहिली बायको निघून गेली होती, हे गल्लीला ठाऊक होतं.

"माझंही तसंच आहे," तो म्हणाला. "ही पोर नसती, तर मी तुम्हाला विचारलं असतं का, कोण जाणे."

झाली की फिट्टंफाट! तिने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण ते शब्द तिच्या काळजाला झोंबले. आपण नुसत्या खोलीसाठी आलो होतो, तर मग एवढं लागायचं कारण काय, हे काही केल्या तिला उमगेना.